चुकीची तीन उत्तरं

नवऱ्याच्या वर्गात यंत्र आलं आणि माझ्या वर्गात खडूच राहिला, हे चिठ्ठी टाकून ठरलं. चिठ्ठी उचलली आमच्या मुख्याध्यापकांनी, लोखंडे सरांनी. डोळे मिटून आणि चेहरा असा करून, की जणू सत्यनारायणाला बसलेत. सहावी ‘अ’ला ‘बिनचूक’ मिळालं. सहावी ‘अ’ दिगंबरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. सहावी ‘ब’ माझी, म्हणजे कावरखे मॅडमची.

‘बिनचूक’ हा प्रश्नमंजूषेचा खेळ. पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार उत्तरं, एक बरोबर आणि तीन चूक. असले खेळ आमच्या पोरांना नवे नव्हते, मोबाइलवर ढिगानं असतात. पण हा खेळ पोरांच्या डोळ्यांत बघायचा. तो जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत न्यायचा की नाही, हे ठरवायला विभागानं पुण्याहून डॉ. शलाका केतकर यांना पाठवलं होतं. त्या मूल्यमापन करणार होत्या. तिशीतली मुलगी, पायात बूट, पाठीवर सॅक, आणि चहा नको म्हणताना इतकी अवघडायची की आम्हालाच वाईट वाटावं.

खेळाचं शास्त्र शलाका मॅडमनी आम्हाला स्टाफरूममध्ये समजावून सांगितलं. माणूस काही आठवायचा प्रयत्न करतो तेव्हा त्याच्या डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. सहज आठवलं तर जेमतेम, कष्टानं आठवलं तर जास्त. आणि माणसानं नाद सोडला की ती परत लहान होते. आपल्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही, टॅबच्या कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून आणि उत्तराला लागलेल्या वेळावरून यंत्र ताडतं, की या पोराच्या डोक्यातली ही गोष्ट आता कधी पुसली जाणार.

“आणि पुसली जायच्या अगदी आधी ते तोच प्रश्न पुन्हा विचारतं,” त्या म्हणाल्या. “विसरत आलेली गोष्ट ओढून वर काढली, की ती जास्त घट्ट बसते. हे जुनंच संशोधन आहे. पण प्रत्येक मुलाची नेमकी वेळ साधणं कुठल्याच शिक्षकाला शक्य नव्हतं.”

“म्हणजे पोरगं काही विसरणारच नाही?” लोखंडे सरांनी विचारलं.

“जे विचारलं जातंय, ते नाही.”

दिगंबरचे डोळे चमकले. त्याच्या बाहुल्या त्या वेळी बशीएवढ्या झाल्या असणार. मिक्सरपासून मोटारपंपापर्यंत काहीही उघडून बघायची त्याला हौस.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. शासनाच्या पत्रात खाली बारीक अक्षरात एक कलम होतं. प्रयोग यशस्वी झाला, तर पुढच्या वर्षापासून दोन तुकड्या एका हॉलमध्ये बसतील, टॅब घेऊन, आणि त्यांना एकच शिक्षक पुरेल. दुसरा अतिरिक्त. अतिरिक्त शिक्षकाचं समायोजन होतं, म्हणजे जिल्ह्याच्या ज्या टोकाला जागा रिकामी असेल तिकडे त्याला धाडतात.

ज्यांच्या घरात दोघंही शिक्षक आहेत त्यांना हे फोड करून सांगावं लागणार नाही. आमच्या लग्नानंतर कितीतरी वर्षं दिगंबर एका जिल्ह्यात आणि मी दुसऱ्या. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या अर्जावर अर्ज. आमची जुई लहान असताना बाबा आले की तांब्या-पेला घेऊन पुढे व्हायची आणि अदबीनं विचारायची, “बसा ना, किती दिवस आहात?” लोक हसायचे. मी पण हसायचे आणि मग स्वयंपाकघरात जायचे. सावरखेड्यात आम्हाला एकाच शाळेत जागा मिळाली तेव्हा मी देवाला पेढे ठेवले होते. इथं सेवाज्येष्ठतेत आम्ही दोघं शेवटून पहिले आणि दुसरे. जागा गेली तर आमच्यापैकीच एकाची जाणार होती.

“अगं, एवढं काही होत नसतं,” घरी मी हे काढलं तेव्हा दिगंबर म्हणाला. “सरकारी काम आणि सहा महिने थांब. आणि मी काय मुद्दाम हरू का?”

“हरू नकोस. पण एवढा आनंदही होऊ देऊ नकोस,” मी म्हटलं.

दिवाळीपर्यंत ‘अ’ वर्गाचं रूपच पालटलं. आधी त्या वर्गाचा गलका पार रस्त्यावर ऐकू यायचा, आता चिडीचूप. तीसेक पोरं टॅबवर वाकलेली, आणि मधूनच कुणाच्या तरी टॅबमधून बरोबर उत्तराचा टुणकन आवाज. दिगंबर मागं बसून कुणाची बॅटरी उतरली ते बघायचा. दिवाळीआधीच्या चाचणीत ‘अ’नं आम्हाला धूळ चारली. शलाका मॅडमनी फळ्यावर दोन रेघा काढून दाखवल्या. वरची नवऱ्याची, खालची माझी.

माझी पोरं हिरमुसली. पण त्याआधीपासूनच त्यांचं एक नवीन खूळ सुरू झालं होतं. शिकवून झालं की ती विचित्र प्रश्न विचारायची. सुरुवात केली ईश्वरी पतंगेनं. अंगानं काडी आणि जीभ कात्रीसारखी.

“मॅडम, माठातलं पाणी गार का होतं ते कळलं. पण येड्याला काय वाटंल?”

“कुठल्या येड्याला?”

“कुठल्याबी. ज्याला येत न्हाई त्याला. त्यो काय म्हनंल?”

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण वर्ग गंभीर होता. जुनेद तर पेन सरसावून बसला होता.

“येडा म्हणेल, माती मुळातच गार असते,” मी म्हटलं.

“ह्ये लई सोपं झालं,” जुनेद म्हणाला. “जरा शहान्या येड्याचं सांगा.”

मी विचार केला. बाष्पीभवन इतकी वर्षं शिकवत आले, पण चुकणारं पोर नेमकं कुठं घसरतं याचा असा विचार कधी केला नव्हता. “शहाणा येडा म्हणेल, माती बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही.”

पोरांनी माना डोलावल्या. एकमेकांकडे बघून खूश झाली. हे रोजचंच झालं. मला त्याचा वैतागही यायचा, कारण धडा मागे पडत होता. आणि खरं सांगते, मजाही येत होती.

घरी मात्र दिगंबरची हौस उतरत चालली होती. एका संध्याकाळी आमच्या अंगणात रुद्र आला. ‘अ’ वर्गातला पहिला नंबर, ‘बिनचूक’मधला राजा. त्याच्या आईनं भोपळा पाठवला होता. मी त्याला माठातलं पाणी दिलं. दिगंबर कौतुकानं म्हणाला, “सांग रे रुद्र मॅडमला, हे पाणी गार का?”

रुद्र पेला हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, “सर, पर्याय?”

“पर्याय कशाला? तुला येतं की.”

“येतं सर. पर्याय सांगा, लगेच सांगतो.”

दिगंबरनं चार पर्याय सांगितले. पोरानं तिसरा संपायच्या आत बरोबर उत्तर दिलं, नमस्कार केला आणि पळालं. दिगंबर बराच वेळ भोपळ्याकडे बघत बसला. “त्याला येतं गं,” तो म्हणाला. मी भोपळा आत नेला.

दिवाळीच्या सुट्टीत टॅब शाळेच्या कपाटात कुलपात होते. सुट्टीनंतर दुसरी चाचणी, आणि तिची मेख शलाका मॅडमनी कुणालाच सांगितली नव्हती. त्या चाचणीत पर्यायच नव्हते. नुसते प्रश्न, उत्तर आपल्या शब्दांत लिहा. यंत्राबाहेर काय उरतं, हे त्यांना बघायचं होतं.

सुट्टीतच एकदा मी दळण घेऊन परत येत होते. पाण्याच्या टाकीखाली सावलीत माझी पोरं गोल करून बसलेली दिसली. मधे जुनेद, छातीवर पुठ्ठ्याचा चौकोन धरून. तो यंत्र झाला होता. मी खांबाआड थांबले.

“परश्न!” जुनेद नाकातून बोलला. “माठातलं पानी गार का व्हतं? एक, माती गार असती म्हनून. दोन, माती भाईरची उष्णता आत येऊ देत न्हाई म्हनून. तीन, पाझरलेलं पानी वाफ व्हताना आतली उष्णता घिऊन जातं म्हनून. चार, माठाचं तोंड लहान असतं म्हनून.”

समोरचं पोरगं विचार करू लागलं. जुनेद त्याच्या नाकाला नाक लावून डोळ्यांत बघू लागला. “बाहुली मोठी व्हायली! आटवायलंय याला!” सगळे खिदळले. पोरगं म्हणालं, “दोन.”

“टँऽऽव! फसला!”

“थांबा,” ईश्वरी उठली. “फसवलंय कुनी? दोन नंबर माझा हाय. मंग मलाच सांगाया लागंल, कसा चूक ते.” ती म्हणाली, “आमच्या आईनं माठाला ऑइलपेंट दिला. लाल, वर पांढरी फुलं. लई झ्याक दिसतो. माती तीच, पन पानी कोमट. कारन पाझरायचं बंद झालं. माती उष्णता अडवत असती तर रंग दिल्यावर बी पानी गारच ऱ्हायलं असतं का न्हाई?”

त्यांचा नियम मला हळूहळू कळला. प्रश्न ‘अ’मधून यायचे. गावात भिंत घालून दोन वर्ग वेगळे होत नसतात. जुनेदचा चुलतभाऊ ‘अ’मध्ये, ईश्वरीची मावसबहीण ‘अ’मध्ये, आणि दिवसभर पडद्यावर पाहिलेलं रस्त्यानं बडबडत जायची पोरांना सवय. पण चार-चार पर्याय कुणाच्या लक्षात राहणार? प्रश्न आणि बरोबर उत्तर तेवढं यायचं. चुकीची तीन उत्तरं माझ्या पोरांना स्वतः बनवावी लागायची. ज्याच्या चुकीच्या उत्तरात जास्त जण फसतील तो जिंकला. पण ते का चूक हे त्यालाच सांगता आलं पाहिजे, नाहीतर डाव बाद.

मी दळणाचा डबा कमरेवर घेऊन तिथंच उभी राहिले. लोक फसतील असं खोटं बनवायचं तर खरं आतून-बाहेरून माहीत असावं लागतं. ही गोष्ट टाकीखालच्या पोरांनी शोधली होती आणि तीही टॅब मिळाला नाही या रागातून. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला, की दळण सांडलं असतं.

दुसऱ्या चाचणीत ‘ब’ वर्ग ‘अ’च्या बराच पुढे गेला. लोखंडे सरांनी पेढे मागवले. खेळाचा फायदा टिकत नाही, म्हणजे हॉल नाही, अतिरिक्त कुणी नाही. शलाका मॅडम माझ्याकडे आल्या, त्या दिवशी चहाही घेतला.

“मॅडम, मला अहवालात लिहायचंय. तुमची पद्धत नेमकी काय आहे? खडू-फळा एवढ्यावर हा फरक पडत नाही.”

“संध्याकाळी सांगते,” मी म्हटलं.

घरी आल्यावर दिगंबरला सगळं सांगितलं. टाकी, पुठ्ठा, चुलतभाऊ. तो ऐकत होता तसा त्याचा चेहरा बदलत गेला.

“हे त्यांना सांगायचं नाही,” तो म्हणाला.

“‘अ’चं सगळं ‘ब’मध्ये गळलंय. त्यांची तुलनाच खोटी झालीय.”

“होऊ दे. निकाल तर खरा आहे ना? तुझी पोरं हुशार झाली, हे खरं आहे ना?”

“माझ्यामुळं नाही झाली. हेच धडे मी मागच्या वर्षी शिकवले. तेव्हा काय दिवे लागले होते? उद्या अहवालात लिहून येईल, की यंत्र टाकून द्या आणि कावरखे मॅडमसारखं शिकवा. आणि सगळ्या जिल्ह्यात मास्तर लोक पुन्हा फळ्यावर उत्तरं लिहून देतील, पोरं उतरवून घेतील. पोरांनी जे शोधलं ते टाकीखालीच मरेल.”

“आणि सांगितलंस तर काय होईल?”

मला माहीत होतं. दुसरी चाचणी बाद होईल. पहिलीत गळती होऊनही ‘अ’ पुढेच होता, म्हणून ती उरेल.

“तुझ्या खरेपणाचं भाडं आपण तिघं भरायचं,” दिगंबर म्हणाला. “जुई पण.” आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मी शलाका मॅडमना सांगितलं. त्यांना टाकीखाली घेऊन गेले, पोरांकडून एक डाव खेळवून दाखवला. त्या स्वतः दोनदा फसल्या. हसल्या, टाळ्या वाजवल्या, मग सॅकमधून वही काढली.

“तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं,” त्या म्हणाल्या. “दोन खोल्यांमधली भिंत मी प्रयोगाची भिंत धरली. गावात चुलतभाऊ असतात, हे पुण्यात बसून लक्षातच आलं नाही.” आणि मग हळूच, “मी दोन्ही लिहीन. पण वर काय वाचतील, ते माझ्या हातात नाही.”

त्यांनी दोन्ही लिहिलं. या पोरांच्या खेळाची वेगळी परीक्षा घ्या, असं कळकळीनं लिहिलं. वरच्या कार्यालयात फक्त पहिलं पान वाचलं गेलं. पहिली चाचणी ग्राह्य, दुसरी बाद, ‘बिनचूक’ उपयुक्त. वार्षिक परीक्षा संपता संपता आदेश आला. पुढच्या वर्षी सातवीच्या दोन्ही तुकड्या एका हॉलमध्ये, शिक्षक एक. कावरखे पती-पत्नींपैकी कुणी जायचं ते त्यांनी परस्परसंमतीनं कळवावं. न कळवल्यास कनिष्ठ जाईल. कनिष्ठ मी.

दिगंबर माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मीठ दे, दार लाव, जुईची फी. मी जायच्या तयारीला लागले. दोन पातेली बाजूला काढली, एक गादी.

शेवटच्या आठवड्यात तो शाळेतून उशिरा आला आणि पायरीवरच बसला. चपलाही काढल्या नाहीत.

“आज वर्गात टॅब बंद ठेवले,” तो म्हणाला. “म्हटलं, बनवा चुकीची तीन उत्तरं. सोपा प्रश्न दिला. अर्धा तास कुणी बोलेना. रुद्र रडायला लागला. म्हणाला, सर, मला चूक करता येत नाही.”

मी त्याच्याशेजारी बसले.

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? टॅब चालू केले. लगेच शांत झाली पोरं.” तो तळहाताकडे बघत राहिला. “प्रणिता, मी कळवून टाकलंय. मी जातो. तू राहा.”

“अरे पण तू ज्येष्ठ आहेस.”

“यंत्र चालवायला मला चांगलं जमतं. बंद ठेवायला जमत नाही. पोरगं रडलं की माझा हात बटणाकडे जातो. तिथं तू पाहिजेस.”

मी त्याला म्हणाले, की मी तुझं फार वाटोळं केलं. तो म्हणाला, “केलंसच.” मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. एवढा मोठा माणूस, त्याचं डोकं जड लागत होतं.

जूनमध्ये तो गेला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरातली शाळा. शनिवारी यायचं म्हटलं तरी दोन गाड्या बदलाव्या लागतात. जुई त्याला सोडायला फाट्यापर्यंत गेली.

हॉलमध्ये साठ पोरं आणि साठ टॅब. टॅब पाच मिनिटं रिकामा राहिला की वर कुठंतरी कार्यालयात तांबडा ठिपका उमटतो. रोज शेवटच्या तासाला मी टॅब पालथे घालायला सांगते. साठ ठिपके उमटतात. पहिली नोटीस आली आहे, उत्तर दिलं आहे, दुसरी येईल.

‘ब’ची पोरं ‘अ’च्या पोरांना शिकवतात. फार धीर लागतो त्याला. ईश्वरीला तो मुळीच नाही, तरी ती करते. रुद्र कितीतरी दिवस नुसता बसून राहायचा. परवा प्रश्न होता, पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत. रुद्रनं हात वर केला.

“सूर्य सुट्टीवर जातो म्हणून.”

हॉल खदखदून हसला. रुद्रचे कान लाल झाले. वाटलं, आता रडतो. पण तो उभाच राहिला. “थांबा, दुसरं सांगतो. ढगामुळं ऊन कमी पडतं म्हणून.”

कुणी हसलं नाही. निम्म्या पोरांना ते बरोबरच वाटलं. जुनेदनं त्याला विचारलं, “मंग चूक कसं, सांग.”

रुद्रनं डोळे मिटले. यंत्राला त्या वेळी त्याच्यात काय दिसलं असतं कोण जाणे. फार वेळ गेला. मग म्हणाला, “उन्हाळ्यात रात्री बी वाळतात. रात्री कुठं ऊन असतं? हवाच पानी घ्यायला तयार पायजे. पावसाळ्यात तिचं पोट भरलेलं असतं.”

शाळा सुटेपर्यंत मला दम निघेना. पोरांना डाव चालू ठेवायला सांगून मी दाराबाहेर येऊन दिगंबरला फोन लावला. त्याच्याकडे वारा होता, आवाज तुटत होता. मी शब्द न् शब्द सांगितला, ‘सूर्य सुट्टीवर’पासून. तो इतका हसला, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

मग म्हणाला, “किती वेळ गप्प उभा होता म्हणालीस?”

“फार वेळ. मला वाटलं, नाहीच येत त्याला.”

“बघ. मी असतो तर तेवढ्यात उत्तर सांगून मोकळा झालो असतो.”

तो “हॅलो, हॅलो” करत राहिला आणि फोन तुटला. मी मूल्यमापनाविषयी जे बोलले, शलाका मॅडमना जे दाखवलं, ते योग्य होतं असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते योग्यच होतं. पण त्या दारात उभी असताना मला अगदी आतून वाटलं, की गप्प बसले असते तर आज तो शेजारच्या वर्गात असता.

आतून ईश्वरी ओरडली, “मॅडम, या ना, रुद्र आजून एक बनवायलाय!” मी डोळे पुसले आणि आत गेले.